तीन चौकोनांची गफलत

स्थायू, द्रव आणि वायू यांचे तीन चौकोन शाळेच्या भिंतीवर आणि बहुतेक पाठ्यपुस्तकांत असतात. पहिल्यात ठिपके खेटून, दुसऱ्यात थोडे विरळ, तिसऱ्यात आणखी विरळ. खाली लिहिलेले असते, आंतररेण्वीय बल अनुक्रमे प्रबळ, मध्यम, क्षीण. या मांडणीवर आमचे दोन आक्षेप आहेत.

आधी चित्र पाहू. मधल्या चौकोनात ठिपक्यांमधील अंतर पुष्कळदा पहिल्याच्या दुप्पट काढलेले असते. द्रव खरोखर असा असता, तर त्याची घनता स्थायूच्या एक अष्टमांश झाली असती आणि लिटरभर पाणी जेमतेम शंभर-सव्वाशे ग्रॅम भरले असते! प्रत्यक्षात बर्फ वितळताना आकारमान उलट घटते. म्हणून तर बर्फ तरंगतो. उकळत्या 1 ग्रॅम पाण्याची वाफ मात्र सुमारे 1670 घन सेंटिमीटर जागा व्यापते. म्हणजे रेणूंमधील अंतर सुमारे बारापट होते. ठिपका 1 सेंटिमीटरचा काढला, तर वहीच्या पानावर दोन-तीनच मावतील.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. ‘मध्यम’ या शब्दामुळे द्रव अर्ध्या वाटेवर आहे असे मुलांना वाटते. 1 ग्रॅम बर्फ वितळण्यास 80 कॅलरी लागतात; तेवढ्याच पाण्याची 100 अंश सेल्सिअसला वाफ करण्यास 540. द्रवात आकर्षणाचा मोठा वाटा शिल्लकच असतो. शिरपूरच्या कोरड्या उन्हाळ्यात घरातला माठही हेच सांगतो. बाहेर पाझरलेले 1 ग्रॅम पाणी उडून जाताना सुमारे 580 कॅलरी घेते. ही सारी उष्णता माठातून आली असे धरले, तर आतले 58 ग्रॅम पाणी 10 अंशांनी गार होईल.

मग वायूत बल क्षीण का? रेणू बदललेले नाहीत, ते एकमेकांपासून दूर गेले आहेत. तापमानामुळे होणारी त्यांची धावपळ ओढीवर मात करते. पुस्तके कार्यालाच कारण म्हणतात. योहानेस व्हान डर वाल्स हे हेगला शाळेत शिकवत होते, तेव्हा 1873 च्या प्रबंधात त्यांनी वायू आणि द्रव या दोहोंसाठी एकच समीकरण मांडले आणि आकर्षणासाठी एकच स्थिरांक घेतला. (नोबेल पारितोषिक 1910 मध्ये मिळाले.)

तक्ता काढून टाका, असे आम्ही म्हणत नाही. पण ‘वाफेतले रेणू तेच, त्यांची ओढही तीच, फक्त ते लांब गेले’ असे एखाद्या मुलीने लिहिले, तर ‘प्रबळ, मध्यम, क्षीण’ या उत्तरसूचीप्रमाणे तिला शून्य गुण मिळतील.