बत्ती कोणाच्या डोक्यावर?

पोरवयातल्या मुलामुलींचा धिंगाणा हा चित्रपटवाल्यांचा जुना, हमखास चालणारा विषय आहे. देव आनंदच्या ‘हरे रामा हरे कृष्णा’ने (१९७१) गांजाच्या धुरात हरवलेली तरुणाई दाखवून आईबापांना धाक घातला. अमेरिकेतल्या ‘प्रोजेक्ट एक्स’ने (२०१२) तोच धिंगाणा गंमत म्हणून विकला. आईबाप बाहेरगावी, मुलाचा वाढदिवस, पोरांची तुफान गर्दी आणि शेवटी पेटलेली गल्ली. एक चित्रपट भीती घालतो, दुसरा चटक लावतो. परंतु बेभान होण्याचा हक्क मुळात कोणाला आहे, हा प्रश्न दोघांनाही पडत नाही. अंगण कोणाचे आणि त्या अंगणात उजेड धरून उभा कोण, हे त्यांच्या कॅमेऱ्याला दिसत नाही.

हा प्रश्न मराठी पडद्यावर आला तो आमच्याच जिल्ह्यातून. नागराज मंजुळे यांच्या ‘फँड्री’ची कथा अकोळनेरात घडते. अकोळनेर आणि आमचे काष्टी ही दौंड-मनमाड या एकाच लोहमार्गावरची स्थानके. गावच्या जत्रेत पोरे बेभान नाचताहेत. कैकाड्याच्या जब्यालाही नाचायचे आहे, शालूने आपल्याकडे पाहावे एवढीच त्याची आस. पण त्याच्या वाट्याला नाच येत नाही, डोक्यावर बत्ती येते. ज्या उजेडात गाव नाचते तो उजेड धरून तो रडत उभा राहतो.

माझे वडील वरातीत गॅसबत्ती वाहत. पुढे नाचणारी पोरे त्यांच्याच वयाची असत. घरातला पहिला पदवीधर म्हणून आज मी वर्गात उभा राहतो, तेव्हा ‘फँड्री’तले हे दृश्य मला ‘कलात्मक’ म्हणून सोडून देता येत नाही.

याच दिग्दर्शकाच्या ‘सैराट’विषयी (२०१६) मी विद्यार्थ्यांना विचारले, काय आठवते? सगळ्यांचे एकच उत्तर : ‘झिंगाट’. पुढे विचारले, तो नाच कोणाच्या वाढदिवसाचा? वर्ग गप्प. तो वाढदिवस आर्चीच्या भावाचा, तात्या पाटलाच्या वारसाचा, प्रिन्सचा आहे. वर्गात लोखंडे सरांच्या थोबाडीत मारणारा तो हाच प्रिन्स. मासेमारी करणाऱ्या घरातला परश्या आपल्या मित्रांसह त्याच्या वाढदिवसाला नाचतो, आणि त्याच रात्री आर्चीसह पकडला जातो. नाचायची मुभा आहे, परंतु ती पाटलाच्या मर्जीपुरती. ‘प्रोजेक्ट एक्स’मधल्या पोराने गल्ली पेटवली तरी त्याला जीव मुठीत धरून गाव सोडावे लागत नाही. परश्याला लागते.

आपल्यातले काही समीक्षक म्हणतात, ‘सैराट’मध्ये नाचगाण्याने विद्रोह बोथट केला. हे म्हणणे अर्धेच खरे आहे. कॅमेरा नाचात इतका रंगतो की अंगणाचा मालक प्रेक्षकाच्या नजरेआड होतो, हे मान्य करावे लागेल. म्हणूनच ‘धडक’ला (२०१८) तो नाच उचलता आला आणि जात जवळजवळ मुकी करता आली. वरातीवाल्यांनी तर गाणे ठेवले, गोष्ट टाकली.

परंतु यावर उपाय म्हणून आपल्या पोरांना पडद्यावर नाचूच द्यायचे नाही काय? त्यांनी कायम रडावे, सोसावे, आणि आपण त्याला वास्तववाद म्हणावे? जब्यालाही नाचायचेच होते. त्याची ती इच्छा हीच त्याच्या विद्रोहाची सुरुवात आहे. चित्रपटाच्या शेवटी त्याने भिरकावलेला दगड जत्रेतल्या त्या रात्रीपासून त्याच्या मुठीत होता, असे मी मानतो.

आणि व्यवस्थेला नेमकी हीच इच्छा सहन होत नाही. ‘फँड्री’ प्रदर्शित होऊन अडीच महिने होतात न होतात तोच, २८ एप्रिल २०१४ रोजी, आमच्या जिल्ह्यात खर्डा येथे सतरा वर्षांच्या दलित विद्यार्थ्याचा खून झाला. सवर्ण मुलीशी बोलतो, हा संशय त्याला पुरला. २०१७ मध्ये सत्र न्यायालयात आरोपी निर्दोष सुटले. मे २०१५ मध्ये शिर्डीत लग्नासाठी आलेल्या दलित तरुणाच्या मोबाईलवर बाबासाहेबांवरचे गाणे वाजले, त्यावरून झालेल्या वादात त्याचा जीव घेतला गेला. यांपैकी कोणीही धिंगाणा घातला नव्हता. एकाचे वय आणि एकाचे गाणे, एवढाच गुन्हा!

म्हणून जयंतीच्या मिरवणुकीत नाचणाऱ्या आपल्या पोरांना ‘उधळी’ म्हणणाऱ्यांच्या सुरात सूर मिसळण्यापूर्वी आपण थांबले पाहिजे. कानठळ्या बसवणाऱ्या आवाजाविषयी, कर्जाविषयी, दारूविषयी त्यांच्याशी जरूर भांडू. मात्र त्यांच्या आनंदाच्या हक्काविषयी नाही.

आपल्यातून आज कॅमेरा हाती घेणारी मुले पुढे येत आहेत. त्यांच्याकडे माझे एक मागणे आहे. वस्तीतल्या पोराचा वाढदिवस दाखवा. अंगण त्याचे, गाणे त्याचे, आणि कोणाच्याही डोक्यावर बत्ती नाही, असा. आणि तो दाखवताना अंगणाबाहेर कोण उभे आहे, तेही कॅमेऱ्यातून सुटू देऊ नका.