‘आम्लारी’ आणि ‘क्षार’ : दोन पारिभाषिक संज्ञांची चिकित्सा

विज्ञानातील संज्ञा ज्या काळात घडते, त्या काळची उपपत्ती तिच्या पोटात राहून जाते. सर्व आम्लांचा जनक हाच वायू होय, या समजुतीने लाव्हाझिए याने ‘ऑक्सिजन’ हे नाव योजले. पुढे म्युरिॲटिक आम्लात, म्हणजे आजच्या हायड्रोक्लोरिक आम्लात, ऑक्सिजन नसतोच हे हम्फ्री डेव्ही याने १८१० च्या सुमारास दाखवून दिले. समजूत गेली, नाव राहिले. मराठीतील ‘प्राणवायू’ मात्र या चुकीतून अनायासे सुटला. आम्ल-आम्लारींच्या बाबतीत मराठी परिभाषेला तसे सुटता आलेले नाही.

‘आम्लारी’ म्हणजे आम्लाचा अरी. हायड्रोक्लोरिक आम्ल आणि सोडियम हायड्रॉक्साइड एकत्र आले की दोघांचेही गुणधर्म लोपतात, हा अनुभव या शब्दाने नेमका पकडला आहे. अऱ्हेनियसच्या उपपत्तीशी, म्हणजे हायड्रोजन आयन विरुद्ध हायड्रॉक्साइड आयन या मांडणीशी, तो चांगला जुळतो आणि शालेय स्तरावर चटकन लक्षातही राहतो. अडचण १९२३ पासून सुरू होते. ब्रॉन्स्टेड आणि लॉरी यांनी त्या वर्षी स्वतंत्रपणे मांडलेल्या विचारानुसार प्रोटॉन देणारे ते आम्ल आणि घेणारा तो आम्लारी. अमोनियाच्या रेणूत हायड्रॉक्सिल गट नाही, तरीही तो पाण्याकडून प्रोटॉन घेतो व अमोनियम आयन बनतो. येथे पाणी आम्ल ठरते. हायड्रोजन क्लोराइडसमोर तेच पाणी प्रोटॉन घेऊन आम्लारी होते. शुद्ध पाण्यात तर एक रेणू दुसऱ्याला प्रोटॉन देतो. म्हणजे पाणी आपलेच अरी म्हणावे लागेल! प्रोटॉन गमावल्यावर आम्लाचे जे उरते तोच त्याचा आम्लारी. हे नाते वैराचे नसून जोडीचे आहे. ‘अरी’ या अर्थावर विसंबून शिकलेल्या विद्यार्थ्यापुढे महाविद्यालयात ‘संयुग्मी आम्लारी’ हा शब्द येतो, तेव्हा त्यातील विसंगती बहुधा कोणी उलगडून सांगत नाही. व्याख्या पाठ होते, संकल्पना निसटते.

‘क्षार’ या संज्ञेचे प्रकरण अधिक गंभीर आहे. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातील अकराव्या अध्यायात क्षार तयार करण्याचा विधी आहे. वनस्पतींची राख पाण्यात कालवून, गाळून आटवायची आणि क्षार दाहक हवा असल्यास त्यात भाजलेले चुनखडीयुक्त पदार्थ मिसळायचे. राखेतील पोटॅशियम कार्बोनेटवर चुन्याची क्रिया होऊन पोटॅशियम हायड्रॉक्साइड मिळते, हे आजच्या भाषेतील त्याचे स्पष्टीकरण. क्षाराने झालेल्या दाहावर आंबट द्रव्यांचा उपचारही तेथे सांगितला आहे. येथे क्षार म्हणजे नि:संशय अल्क. पापडखार, सज्जीखार या घरगुती शब्दांत तोच अर्थ टिकून आहे. शालेय परिभाषेने मात्र हा शब्द आम्ल व आम्लारी यांच्या अभिक्रियेतून मिळणाऱ्या संयुगाला दिला. हिंदीने त्यासाठी ‘लवण’ योजून ‘क्षारक’ आम्लारीसाठी राखला. परिणामी मराठीत मीठ, धुण्याचा सोडा आणि नवसागर हे तिन्ही क्षारच, पण ०.१ मोलर द्रावणात पहिल्याचा सामू ७ च्या आसपास, दुसऱ्याचा ११ च्या वर, तर तिसऱ्याचा ५ च्या जवळपास असतो. ‘क्षार’ ऐकताच अल्कधर्म गृहीत धरणारा विद्यार्थी नवसागरापाशी हमखास अडखळतो.

हा घोळ वर्गापुरता राहत नाही. क्षारयुक्त जमिनीत विद्राव्य लवणे साचलेली असतात. निचरा करून व भरपूर पाणी देऊन ती धुऊन काढता येतात. चोपण जमिनीत विनिमययोग्य सोडियम १५ टक्क्यांहून अधिक आणि सामू सामान्यत: ८.५ च्या वर असतो. तेथे जिप्समसारखे भूसुधारक लागते. ‘क्षार’ म्हणजे अल्क असे समजून वाचणाऱ्याच्या मनात या दोन जमिनी एक होतात आणि उपाय चुकतो. मराठी कृषिलेखनाने अल्कधर्मीसाठी ‘विम्ल’ आणि पीएचसाठी ‘सामू’ हे शब्द वापरात आणले आहेत. रसायनशास्त्राच्या वर्गात ते क्वचितच ऐकू येतात, हे दोन्ही विभागांतील अबोल्याचेच लक्षण म्हणावे लागेल.

‘आम्लारी’ बदलण्याचे कारण नाही. ब्रॉन्स्टेड-लॉरी शिकवताना त्यातील ‘अरी’ची मर्यादा उघड सांगितली तरी पुरे. पदवी स्तरावर ‘क्षार’ऐवजी ‘लवण’ वापरणे मात्र आवश्यक दिसते. ‘लवण’ म्हटल्यावर केवळ खाण्याचे मीठ आठवेल हा आक्षेप खरा आहे. पण तीच अडचण इंग्रजी ‘सॉल्ट’लाही आहे, आणि तेथे ती एका तासिकेत दूर होते.