‘कन्यादान’ आणि सज्जन माणसाचा दोष

नाताळात किंवा आश्रयदात्या संताच्या सणाला आपल्या धर्मग्रामांतील तरुण एकांकिका बसवतात. त्यांतील सावकार किंवा जमीनदार पडदा उघडताच ओळखू येतो. तो मिशीला पीळ देतो, गरिबाला लाथाडतो आणि अखेरीस पश्चात्ताप करतो. प्रेक्षकांना त्याचा राग येतो. परंतु त्याच्यात स्वतःचे रूप कोणालाच दिसत नाही. वाङ्मयदृष्ट्या हा दोष आहेच, नैतिकदृष्ट्याही तो लहान नाही.

लूककृत शुभवर्तमानाच्या १६ व्या अध्यायातील श्रीमंत माणूस आठवावा. त्याने लाजरसाला मारले, असे तेथे कोठेही सांगितलेले नाही. दारात पडलेल्या माणसासाठी त्याने काही केले नाही, एवढेच. मरणानंतरही तो लाजरसाला पाणी घेऊन पाठवण्याची विनंती करतो! त्याच्या लेखी लाजरस अजूनही कामाला धाडण्याचाच माणूस आहे. सुस्थितीत जन्मलेल्यांचा दोष असा असतो. तो ज्याच्या ठायी असतो त्याला जाणवत नाही आणि त्याची किंमत दुसराच मोजतो.

मराठी रंगभूमीवर हा दोष सूक्ष्मपणे रंगवणारे नाटक म्हणजे विजय तेंडुलकरांचे १९८३ चे ‘कन्यादान’. समाजवादी आमदार नाथ देवळालीकर हे खलपुरुष नव्हेत. ते तत्त्वनिष्ठ आणि प्रेमळ पिता आहेत. मुलगी ज्योती अरुण आठवले या दलित कवीशी विवाह करू इच्छिते, तेव्हा पत्नी सेवा शंका काढते. नाथांना मात्र जातिमुक्त समाजाचे स्वप्न घरातच साकार होताना दिसते. पण स्वप्न पित्याचे आणि मार खाणार ज्योती! पुढे अरुणच्या आत्मचरित्राची ते मनाविरुद्ध जाहीर स्तुती करतात, तो खोटेपणा ज्योतीच त्यांना दाखवून देते. नाथांचा सद्गुण आणि त्यांचा दोष एकाच मुळातून फुटले आहेत. म्हणूनच हे पात्र खरे वाटते.

अरुणविषयी तसे म्हणता येत नाही. या चित्रणावर कडक टीका झाली. नाटकाला १९९३ चा सरस्वती सन्मान मिळाला म्हणून ती टीका निकालात निघत नाही. देवळालीकरांचे घर आपण आतून पाहतो. अरुणचे घर केवळ त्याच्या बोलण्यातून कानी येते. नाथांचा दोष आपल्याला समजतो, अरुणचा नुसता दिसतो. नाथांची जी मर्यादा नाटककाराने दाखवली, तिच्यातून त्याचे नाटकही पुरते सुटलेले नाही.

याच्या शेजारी लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ ठेवून पाहावीत. ते आत्मचरित्र असले, तरी पात्ररचनेचा उत्तम धडा त्यात आहे. रेव्हरंड टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ चा, लक्ष्मीबाईंचा १९०० चा. मधल्या काळातील आपले सोवळेओवळे त्या हसतखेळत सांगतात. त्यात समर्थन नाही आणि आत्मताडनही नाही. टिळकांच्या औदार्याचेही तसेच. ते सढळ हाताने देत. घरात काय उरले याची चिंता लक्ष्मीबाईंच्या वाट्याला येई. टिळकांवरील त्यांचे प्रेम मात्र कोठेही उणावत नाही.

आमच्या नेरे परिसरात जमिनीला भाव आला, इमारती उठल्या. डोंगराकडे आदिवासी वाड्या आहेत. कुष्ठरुग्णांच्या पुनर्वसनासाठी उभे राहिलेले शांतिवनही येथेच आहे. अशा ठिकाणी लिहिणाऱ्या तरुणाला दुष्ट सावकार शोधत हिंडण्याचे कारण नाही. नेमाने मिस्साला येणारा, दानपेटीत नोट टाकणारा गृहस्थ त्याने घ्यावा. वाडीवरून कामाला येणारी बाई आजारी आहे असे कळताच ‘उद्या भांडी कोण घासणार?’ हा प्रश्न त्या गृहस्थाला आधी सुचावा. एवढे पुरे आहे. मात्र पुढचा प्रवेश त्या बाईच्या झोपडीत घडावा, आणि तिलाही तिचे स्वतःचे गुणदोष असावेत. नाहीतर लाजरस आपल्या नाटकातही दारातच पडून राहील.