भयानकाची साक्ष : हरीण, माकड आणि डुक्कर

रुजेरो देओदातो यांच्या ‘कॅनिबल होलोकॉस्ट’ (1980) या इटालियन भयपटाविषयीची चर्चा बहुधा दोन टोकांना होते. एक पक्ष त्याला क्रौर्याचा बाजार म्हणतो. दुसरा पक्ष वृत्तचित्रणाच्या नीतीवरील भाष्य म्हणून त्याचा गौरव करतो. एक वस्तुस्थिती मात्र दोघांनाही मान्य आहे. 1979 मध्ये अॅमेझॉनच्या खोऱ्यात चित्रीकरण चालू असताना कासव, माकड, डुक्कर असे प्राणी कॅमेऱ्यासमोर खरोखर मारले गेले. मिलानमधील प्रदर्शनानंतर थोड्याच दिवसांत चित्रपट जप्त झाला आणि दिग्दर्शकावर नटांना ठार मारल्याचा आरोप आला. नट जिवंत असल्याचे सिद्ध झाले, तेव्हा तो आरोप गळून पडला. प्राण्यांना तसे न्यायालयात हजर करता येण्याजोगे नव्हते. इटलीतील बंदी 1984 मध्ये उठली.

हा वाद केवळ प्राणिदयेच्या कक्षेत सोडवता येईल, असे मला वाटत नाही. भयानक रसाचे विवेचन करताना अभिनवगुप्ताने ‘शाकुंतला’च्या आरंभीच्या पळणाऱ्या हरणाचे उदाहरण घेतले आहे. त्या हरणाचे भय रसिकाला प्रतीत होते ते अमुक एका हरणाचे, अमुक स्थळकाळातले भय म्हणून नव्हे. साधारणीकरणामुळे ते निर्विशेष झालेले असते. म्हणूनच आपण स्वतः पळत सुटत नाही, की हरणाला वाचवायला धावत नाही. (दुष्यंताचा बाणही सुटत नाही, तपस्वी त्याला वेळीच अडवतो, हा तपशील मला निव्वळ कथानकाचा वाटत नाही.) युद्ध, मरण, नगराचा वेढा यांसारख्या घटना अंकात प्रत्यक्ष न दाखवता प्रवेशकातून सूचित कराव्यात, असा दंडक नाट्यशास्त्राने घालून दिला, त्यामागेही लौकिक आणि नाट्यगत यांतील अंतर राखण्याची दृष्टी असावी.

देओदातोंच्या माकडाबाबत हे अंतर उरतच नाही. त्याच्या वधाचे दृश्य दोनदा चित्रित झाले आणि त्यासाठी दोन माकडे मारली गेली. मृत्यू हा एकदाच घडणारा क्षण, पण चित्रपट तो हवा तितक्या वेळा पुन्हा घडवतो, आणि यातच एक प्रकारची अश्लीलता आहे, असे आंद्रे बाझँ यांनी बैलझुंजीवरील चित्रपटाच्या निमित्ताने म्हटले होते. येथे तर चित्रीकरणाच्या पातळीवरच पुनरावृत्ती झाली. नट दुसऱ्या चित्रणासाठी पुन्हा उठून उभा राहतो. माकडाच्या बाबतीत देह बदलावा लागला. पडद्यावर दिसते ते माकड एक, त्यामागचे मृत्यू दोन.

हे मृत्यू चित्रपटाला कशासाठी हवे होते? कथानकाप्रमाणे अरण्यात बेपत्ता झालेल्या चित्रणपथकाची रिळे सापडतात आणि ती आपल्याला दाखवली जातात. त्यांतील माणसांच्या हत्या बनावट आहेत; त्यांना विश्वसनीयता यावी म्हणून त्याच रिळांत प्राण्यांचे खरे रक्त मिसळले आहे. चिन्हमीमांसेच्या भाषेत सांगायचे तर माणसाचा मृत्यू हे साम्यावर आधारलेले चिन्ह आहे आणि प्राण्याचा मृत्यू हा प्रत्यक्ष घटनेचा माग आहे. दुसऱ्याची सत्यता पहिल्यात झिरपते. देओदातोंवर मनुष्यवधाचा आरोप आला, तो या झिरपण्याचाच परिणाम होय. प्राण्याला येथे पात्राचेही स्थान नाही. तो केवळ सत्यतेचा शिक्का आहे. कॅमेऱ्यासाठी क्रौर्य घडवून आणणाऱ्या पथकाचा धिक्कार करणारा हा चित्रपट स्वतः तेच करतो, हे त्याच्या समर्थकांना फारसे अडचणीचे वाटत नाही, याचे मला नवल वाटते.

मारलेले प्राणी स्थानिकांनी खाल्ले, असा एक बचाव केला जातो. महाराष्ट्रात तरी तो झटकून टाकता येणार नाही. कोणी काय मारावे आणि खावे हा येथे जातीचा प्रश्न आहे, आणि 2015 मध्ये गोवंश हत्याबंदी लागू झाल्यापासून तो फौजदारी प्रश्नही आहे. पडद्यावरील कत्तलीची किळस आणि सोवळ्याची किळस यांत गल्लत होणे येथे अगदी सोपे आहे. 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने अन्नासाठीची कत्तल गुन्हा ठरवली नाही. 2001 च्या नियमांनी चित्रपटात प्राणी वापरण्यापूर्वी नोंदणी सक्तीची केली. अन्न आणि प्रयोग यांत कायद्याने केलेला हा भेद समीक्षेनेही स्वीकारण्याजोगा आहे. ‘कोणत्याही प्राण्याला इजा झालेली नाही’ ही पाटी तर आपल्या चित्रपटांची नवी नांदीच झाली आहे. अर्थात गारखेड्यातल्या भाड्याच्या खोलीत मोबाइलवर जुना इटालियन भयपट पाहणाऱ्या विद्यार्थ्याला या नांदीचा उपयोग नाही.

नागराज मंजुळे यांचा ‘फँड्री’ (2013) भयपट नव्हे. तरीही प्राण्याच्या पाठलागातून भयानकाची प्रतीती कशी येते, हे पाहायचे तर त्याच्याकडेच वळावे लागते. फँड्री म्हणजे कैकाडी भाषेत डुक्कर. जुगुप्सा हा स्थायिभाव खरा, परंतु ती कशाची वाटावी हे जात शिकवते, आणि शेवटच्या प्रदीर्घ पाठलागात हे शिक्षणच उघडे पडते. गाव तमाशा पाहावा तसा जमून हसतो. त्या गर्दीत शालूही असते. शाळेतून राष्ट्रगीत ऐकू येताच कचरूचे कुटुंब जागच्या जागी स्तब्ध होते. डुकराला तो नियम लागू नाही. आपले भय रक्ताच्या दर्शनाने जागे होत नाही, ते जब्याच्या लपण्याच्या धडपडीतून येते. पुढे बांधलेले डुक्कर वाहून नेले जाते ते आंबेडकर, फुले यांची चित्रे असलेल्या भिंतीवरून. जब्याचा दुसरा पाठलाग काळ्या चिमणीचा. तिला जाळून राख शालूवर टाकली की ती वश होईल, अशी त्याची समजूत आहे. या इच्छेतही एक हत्या आहेच, आणि तिच्यासाठी मंजुळे यांना पक्षी मारावा लागत नाही. चिमणी चित्रपटभर फांद्यांवरून उडत राहते.