शिंगराची आई

माझ्या धाकट्या दिरांना नाण्यांचा नाद आहे. बँकेतून निवृत्त झाल्यावर त्यांच्या बरोबरीची माणसं सकाळी फिरायला जातात, हे भिंग घेऊन बसतात. नाणी तरी कुठलीही नाहीत. ग्रीक पुराणकथांतले देव, माणसं, राक्षस ज्यांच्यावर आहेत तेवढीच. मुलाकडं जर्मनीला सहा महिने राहून आले, तेव्हा तिथल्या एका दुकानातून पावती करून दोन खरी नाणी घेतली. बाकी सगळ्या संग्रहालयांच्या दुकानांतल्या प्रतिकृती आणि कपाटभर कॅटलॉग. सासूबाई हयात असताना त्यांनी एकदा विचारलं होतं, "हे परिग्रह-परिमाणात धरतोस काय रे?" तर म्हणाले, "आव्वा, दोन्ही मिळून सात ग्रॅमसुद्धा भरत नाहीत." सासूबाई हसल्या. उत्तर मात्र त्यांना मिळालं नाही, आणि मला वाटतं ते त्यांच्या लक्षात आलं होतं.

मी ही नाणी बघायला लागले ती खोटं कशाला बोलू, दागिन्यांसाठी. भाऊजींनी एकदा सिराक्यूजच्या नाण्याची प्रतिकृती हातावर ठेवली. सिराक्यूज म्हणजे सिसिली बेटावरचं ग्रीकांचं श्रीमंत शहर. इसवी सनापूर्वी पाचव्या शतकाच्या अखेरीस आणि चौथ्याच्या सुरुवातीला तिथं दहा द्राख्मांचं मोठं नाणं पाडलं जायचं, जवळजवळ ४३ ग्रॅम चांदीचं. त्यावर एका बाईचा चेहरा. कानात लोंबतं कर्णफूल, गळ्यात माळ, केस असे बांधलेले की त्यातली एकेक बट मोजता यावी. चेहऱ्याभोवती चार डॉल्फिन. किमोन आणि युआइनेतोस या दोन कारागिरांनी ठशात स्वतःची नावं कोरली आहेत. एवढ्याशा जागेत इतकं सुंदर काम माणसाच्या हातून झालं, हे बघून मन भरून येतं. मी पहिल्या दिवशी तेवढंच बघितलं आणि घरी आले.

दुसऱ्या दिवशी विचारलं, ही कोण?

अरेथुसा, म्हणाले. ग्रीसमधली एक अप्सरा. नदीत अंघोळीला उतरली आणि ती नदी म्हणजे अल्फिअस नावाचा देव निघाला. तो मागं लागला. ही पळत सुटली, दमली, आर्टेमिस देवीचा धावा केला. देवीनं तिचं पाणी केलं. जमिनीखालून, समुद्राखालून ती वाहत सिराक्यूजच्या ऑर्टिजिया बेटावर झरा होऊन वर आली. तो झरा आजही तिथं आहे. आणि अल्फिअस? तोही समुद्राखालून तिच्या मागं आला आणि तिच्या पाण्यात मिसळला, असं सांगतात. म्हणजे पाणी होऊनही सुटका नाहीच. काही जाणकार म्हणतात, युआइनेतोसच्या नाण्यावरची बाई अरेथुसा नव्हे, पर्सेफोनी. तिला तर पाताळाच्या राजानं फुलं वेचताना उचलून नेलं होतं. दोघींतली कुणीही धरा, गोष्ट पळवापळवीचीच.

आता कॅटलॉगमध्ये या चेहऱ्याबद्दल काय लिहितात ते बघा. ठसा नीट मध्यभागी बसलाय का, चांदीला रंग कसा चढलाय, नाक झिजलंय का, गालावर ओरखडा आहे का. मुलगी बघायला आलेली मंडळी परत जाताना रिक्षात बोलतात तसलं हे सगळं वाटतं. भाऊजी म्हणाले, "वैनी, नाण्याची प्रत अशीच ठरवतात, त्यात वाईट काय?" वाईट काही नाही. पण चेहऱ्यावर इतकं लिहिणाऱ्याला ती का पळत होती यावर एक ओळ लिहावीशी वाटत नाही, ही माझी तक्रार आहे.

किमोनला मात्र मी वेगळं काढते. त्यानं चार द्राख्मांच्या एका नाण्यावर अरेथुसाचा चेहरा बाजूनं न दाखवता समोरून दाखवला. केस पाण्यात सुटल्यासारखे पसरलेत, त्यातून डॉल्फिन ये-जा करतात आणि वर तिचं नाव लिहिलंय. नाव लिहिलं, म्हणजे आता ही कुणीतरी सुंदर बाई राहिली नाही. ती सरळ आपल्याकडं बघते. नाण्यावर समोरून चेहरा कोरणं अवघड, आणि वापरात त्याचं नाक सगळ्यात आधी झिजतं. व्यवहार बघणारा कारागीर ते करणार नाही. त्यानं केलं.

भाऊजींच्या दोन खऱ्या नाण्यांतलं एक पारिओनचं, आजच्या तुर्कस्तानातल्या एका जुन्या शहराचं. शर्टाच्या बटणाएवढं. अशी पुष्कळ सापडली म्हणून त्यांच्या खिशाला परवडलं. एका बाजूला मागं वळून बघणारा बैल, दुसऱ्या बाजूला जीभ बाहेर काढलेलं, डोळे वटारलेलं एक गोल तोंड. हे गॉर्गन मेड्युसाचं तोंड. आपल्या देवळांच्या कमानीवर कीर्तिमुख असतं, नव्या बांधकामावर दृष्ट लागू नये म्हणून राक्षसाचा मुखवटा टांगतात, त्याच जातीचं. मला ते बघताक्षणी आवडलं. पुढच्या काळात ग्रीकांनी आणि रोमनांनी मेड्युसाला देखणी करत नेलं, साप नुसते केसांच्या कुरळ्यांसारखे राहिले. तज्ज्ञांना ते काम उच्च वाटत असेल. मला वाटतं, तिचं तोंड भेसूर होतं तोवर ती कुणाच्या बापाला भीत नव्हती.

मेड्युसाची गोष्ट आता मुलांच्या पुस्तकांतही असते. पर्सिअसनं तिचं डोकं कापलं, अथेना देवीनं त्याला वाट दाखवली, आणि शेवटी ते डोकं अथेनाच्याच छातीवरच्या कवचावर बसलं. रोमन कवी ओव्हिड तर सांगतो, अथेनाच्याच देवळात समुद्रदेव पोसायडननं तिच्यावर जबरदस्ती केली आणि देवीनं शिक्षा दिली ती हिला, केसांचे साप करून. ही गोष्ट या नाण्यांनंतरची, हे आधीच सांगून टाकते. जुना हेसिअड शिक्षेचं नावही काढत नाही. पण तोही एक गोष्ट सांगतो : पर्सिअसनं मान उडवली तेव्हा त्या मानेतून पेगॅसस, पंखांचा घोडा, बाहेर झेपावला. मेड्युसा त्या वेळी गरोदर होती. हे माझ्या ध्यानातच कधी आलं नव्हतं. पराक्रमाच्या गोष्टीत ते वाक्य इतक्या भरकन निघून जातं.

माझं माहेर कोल्हापूर. ब्रह्मपुरीच्या टेकाडावर उत्खननात सापडलेली पोसायडनची छोटी ब्राँझ मूर्ती तिथल्या टाऊन हॉल म्युझियममध्ये आहे. सातवाहनांच्या काळी रोमशी व्यापार होता, त्यातून ती पंचगंगेच्या काठी आली. शाळेच्या सहलीत बाईंनी सांगितलं होतं, हा परदेशातला समुद्राचा देव. आम्ही मुलींनी हात जोडले होते. आता गेले की उभी राहते आणि म्हणते, होय की, तू होय तो.

तर पेगॅसस. कॉरिंथ शहरानं आपल्या नाण्यावर हा घोडा घेतला आणि दोन-तीनशे वर्षं सोडला नाही. साडेआठ ग्रॅमच्या आसपासचं हे नाणं दूरदूर चालायचं, लोक त्याला लाडानं 'शिंगरू' म्हणायचे. भाऊजींच्या डब्यात त्याची प्रतिकृती आहे. शिंगरू उडतंय. मी नाणं उलटं केलं. मागं शिरस्त्राण घातलेली अथेना. म्हणजे एका बाजूला मारलेल्या बाईचं पोर, आणि दुसऱ्या बाजूला मारणाऱ्याला वाट दाखवणारी. पुढं या घोड्याला वेसण घालायला बेलेरोफोनला सोन्याचा लगाम दिला तोही अथेनानंच. मी हे बोलले तर भाऊजी म्हणाले, "कॉरिंथवाल्यांनी एवढा विचार केला नसेल, वैनी. घोडा त्यांच्या शहराचा, देवी त्यांची, बसवलं." असेल तसंही. पण आईला मात्र बसवलं नाही.

सगळेच कारागीर असे नव्हते. क्रीट बेटावरच्या गॉर्टिन शहराची चांदीची नाणी बघावीत. युरोपा नावाची राजकन्या, झ्यूसनं बैलाचं रूप घेऊन तिला पाठीवरून समुद्रापार पळवलं. ग्रीसच्या आजच्या दोन युरोंच्या नाण्यावरही ती आहे, बैलावर बसलेली, जणू जत्रेला निघाली. गॉर्टिनच्या नाण्यावर बैल मागच्या बाजूला गेला. पुढं एक झाड, फांद्या वेड्यावाकड्या, आणि त्या झाडात ती एकटी बसली आहे, हातावर डोकं टेकून. पळवून आणल्यानंतरची दुपार आहे ती. ठसा ओबडधोबड, पुष्कळदा दुसऱ्याच शहराच्या जुन्या नाण्यावर पुन्हा ठोकलेला, त्यामुळं रेषा एकमेकींत घुसलेल्या. सिराक्यूजच्या सफाईपुढं हे खेडवळ काम. तरी मला विचाराल तर सगळ्या कॅटलॉगमधलं माझं नाणं हेच. आमच्या बेळगावच्या किल्ल्यात कमल बस्तीत नेमिनाथांपुढं बसलं की राजुल आठवतेच. वरात परत गेल्यावर ती कुठं बसली असेल, कशी बसली असेल, हे आपल्या बायकांनी गाण्यांतून विचारलं. गॉर्टिनच्या त्या अनामिक माणसानं ते चांदीत विचारलं.

दुसरं खरं नाणं रोमन, इ.स.पू. ८२ चं, कडा करवतीसारखी. मामिलिअस घराण्यातल्या अधिकाऱ्यानं पाडलेलं. त्यावर वीस वर्षांनी घरी परतलेला ओडिसियस, काठी टेकत, आणि त्याला ओळखणारा म्हातारा कुत्रा आर्गोस. बघून गहिवर येतो, नाकारत नाही. हे घराणं स्वतःला ओडिसियस आणि सर्सी यांच्या मुलाचे वंशज म्हणवून घ्यायचं. म्हणजे सर्सी पणजी. नाण्यावर कुत्रा आहे, पणजी नाही, वाट बघणारी पेनेलोपीही नाही.

या नाण्यांबरोबर दुकानदारानं एकेक चिठ्ठी दिली आहे. पारिओनच्या चिठ्ठीवर शहर, वजन, काळ, किंमत. कुठून आलं तिथं फक्त 'जुना संग्रह'. मी विचारलं, कुणाचा जुना? भाऊजी जरा गप्प झाले. मग त्यांनीच एल्मालीचं सांगितलं. तुर्कस्तानात १९८४ साली एका शेतात जवळजवळ एकोणीसशे चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला, चोरून बाहेर नेला, विकला, आणि कोर्टकचेऱ्या होऊन १९९९ मध्ये त्यातला मोठा भाग परत गेला. साठा एकत्र असला तर कुणी, कधी, कशाच्या भीतीनं पुरला याचा अंदाज बांधता येतो. एकेक करून विकला की प्रत्येक नाणं पोरकं. "आता तुमचं हे कुणाच्या शेतातलं?" म्हटलं. त्यांनी वहीत पारिओनच्या पुढं पेनानं लिहिलं, 'कुठलं ते ठाऊक नाही'. बँकेतल्या माणसाला असं लिहिताना त्रास झाला असणार. त्यानंतर त्यांनी खरं नाणं घेतलेलं नाही. मीही विषय काढला नाही.

परवा रविवारी दुपारी फोन आला. "वैनी, तुमच्या शिंगराची आई सापडली." गेले. कॅटलॉगचं एक पान उघडून ठेवलं होतं. रोमन नाणं, इ.स.पू. पहिल्या शतकातलं, कोसुशिअस सबुला नावाच्या अधिकाऱ्याचं. एका बाजूला मेड्युसाचं डोकं, केसांत पंख आणि साप. दुसऱ्या बाजूला पेगॅसस. त्याच्या पाठीवर बेलेरोफोन, हातात भाला.

"हे मागवणार काय?" मी विचारलं.

"बघू," म्हणाले, आणि भिंग माझ्याकडं दिलं.

नाण्यावर ती दोघं पाठीला पाठ लावून आहेत, एकाला दुसरं कधी दिसायचं नाही. पानावर दोन्ही बाजू शेजारी शेजारी छापल्या होत्या.