चाळ, खोली आणि भाडेपावती

मराठी साहित्यात चाळीचे कौतुक पुष्कळ झाले आहे. कठड्यावरच्या गप्पा, नळावरची भांडणे, गणपतीची वर्गणी, शेजारणीकडून आलेली वाटीभर साखर, हे सारे आपल्या वाचकाला मुंबईत एक दिवसही न राहता पाठ असते. इंदूर, ग्वाल्हेर, बडोदे येथील आपल्या जुन्या घरांनी तर मुंबई ओळखली ती बहुधा पुस्तकांतूनच. मात्र या साहित्यात एक वस्तू आम्हांस फार क्वचित आढळते. ती म्हणजे भाडेपावती. खोली कुणाची, भाडे किती, ते ठरवतो कोण आणि थकले तर होते काय, हे प्रश्न आपल्या लेखकांनी बहुतेक उंबऱ्याबाहेर ठेवले. शासकीय सेवेत अशा फायली हाताळल्यामुळे आमचे लक्ष तिकडे जरा अधिक जाते, हे खरे. पण या एका कागदाने मराठी साहित्याचे कसे दोन भाग पाडले आहेत, हे पाहण्यासारखे आहे.

पु. ल. देशपांडे यांची ‘बटाट्याची चाळ’ 1958 साली प्रसिद्ध झाली. तीत भाडेकरूंनी मालकाविरुद्ध उभारलेली एक चळवळ आहे. ‘गच्चीसह झालीच पाहिजे’ हे प्रकरण कोण विसरेल? पण लक्षात घ्या, तंटा आहे तो गच्चीसाठी, भाड्यासाठी नव्हे. यात विनोदकाराचे काही चुकले असे नाही. उलट त्याच्या नजरेचा तो अचूकपणा आहे. 1947 च्या मुंबई भाडेनियंत्रण कायद्याने जुन्या जागांचे भाडे 1 सप्टेंबर 1940 च्या दराला बांधून टाकले होते आणि भाडेकरूला घराबाहेर काढणे जवळजवळ अशक्य केले होते. ज्याच्या हाती पावती होती, त्याच्या पोटापाण्याच्या चिंतेतून डोक्यावरच्या छपराची चिंता वजा झाली. मग उपास, भ्रमण आणि गच्ची यांसाठी माणसाला उसंत मिळते. चाळीच्या विनोदाला हा कायद्याचा आधार होता. समीक्षकांनी तिथल्या मध्यमवर्गीय मनाविषयी भरभरून लिहिले, त्या मनाला स्वस्थता देणाऱ्या कायद्याविषयी नाही.

आता पावती नसलेल्यांकडे वळू. जयवंत दळवींची ‘चक्र’ (1963) झोपडपट्टीत घडते. दया पवारांच्या ‘बलुतं’ (1978) मधला कावाखाना मुंबईतच आहे, पण तो बटाट्याच्या चाळीच्या नकाशावर नाही. एकाच शहरात एकीकडे हसू आहे आणि दुसरीकडे भूक, याचा उलगडा केवळ लेखकांच्या स्वभावभेदाने होत नाही. कायद्याने आत बसलेल्याला संरक्षण दिले. नव्याने येणाऱ्याला मात्र पागडी मोजावी लागली. ज्यांच्यापाशी पागडी नव्हती, आणि जे पैसे मोजूनही जातीमुळे नको होते, ते बाहेरच राहिले. 1917 साली बडोदे संस्थानाच्या नोकरीत आलेल्या डॉ. आंबेडकरांना त्या शहरात बिऱ्हाड मिळाले नाही. पारशी नाव धारण करून ते पारशांच्या उतारशाळेत राहिले आणि तिथूनही त्यांना हुसकावण्यात आले. बडोद्याच्या मराठी मंडळींनी हे पान वगळून आपल्या शहराचा इतिहास सांगू नये. हेच आंबेडकर मुंबईत 1934 पर्यंत, सुमारे बावीस वर्षे, परळच्या बी. आय. टी. चाळीत राहत होते. ती चाळ इम्प्रूव्हमेंट ट्रस्टची होती. 1896 च्या प्लेगनंतर, 1898 साली हा ट्रस्ट स्थापन झाला. सार्वजनिक घर म्हणजे काय, याचे यापेक्षा बोलके उदाहरण आम्हांस ठाऊक नाही.

सरकार स्वतः घरमालक झाले ते 1920 पासूनच्या बी. डी. डी. चाळींत. बेत 50 हजार खोल्यांचा होता. उभ्या राहिल्या 207 चाळी आणि सुमारे 16 हजार खोल्या, प्रत्येकी 160 चौरस फुटांच्या. वरळीच्या चाळी गिरण्यांपासून दूर पडल्या आणि बरीच वर्षे ओस राहिल्या. सविनय कायदेभंगाच्या काळात तिथे सत्याग्रही कैदी ठेवण्यात आले. घरे बांधली की काम संपले, हा खात्यांचा समज तेव्हापासूनचा आहे! पुढे मात्र याच खोल्यांनी कामगारांच्या पिढ्या सांभाळल्या. जयंत पवारांच्या ‘अधांतर’ नाटकात 1982 च्या संपानंतर कामगार कुटुंबाचे सगळे काही सुटत जाते. शिल्लक राहते ती खोली. या नाटकावर संपाच्या अंगाने बरेच बोलले गेले. त्या घराकडे खोलीही नसती तर ते नाटक पहिल्याच अंकात रस्त्यावर आले असते, या अंगानेही ते वाचावे.

आपल्या वाचकांपैकी अनेकांच्या मनात एव्हाना दुसरी बाजू उभी राहिली असेल, आणि ती रास्त आहे. आपली घराणी वाड्यांची मालक होती. मध्यप्रदेशाच्या 1961 च्या स्थान नियंत्रण कायद्याखाली मागच्या चौकातल्या बिऱ्हाडांचे भाडे वाड्याच्या सफेदीलाही पुरेनासे झाले, हे आम्ही पाहिलेले आहे. गरिबाच्या घराला साहाय्य करणे हे शासनाचे काम. भाडेनियंत्रणाने ते खजिन्यातून न करता मालकाच्या खिशातून केले. सर्वोच्च न्यायालयाने 1997 साली मुंबईचे गोठलेले भाडे अवाजवी ठरवले आणि 1999 च्या महाराष्ट्र कायद्याने वर्षाला 4 टक्के वाढ मान्य केली. पण मागच्या चौकातले ते बिऱ्हाड आपल्या आत्मचरित्रांत आणि वाड्यांच्या आठवणींत कुठे दिसते? दिसलेच तर भाडे थकवणारे किंवा केस लढणारे म्हणून. वाडा आपण नेहमी माडीवरूनच पाहिला.

या दृष्टीचे पडसाद धोरणातही आहेत. 2015 ची प्रधानमंत्री आवास योजना मालकीच्या घराची होती. इंदुरातही तिच्यातून 1,024 घरांचा एक मोठा प्रकल्प झाला. भाड्याच्या परवडणाऱ्या घरांची आठवण दिल्लीला झाली ती जुलै 2020 मध्ये, मजूर पायी गावाकडे निघाल्यानंतर. 2024 च्या दुसऱ्या टप्प्यात भाड्याच्या घरांना वेगळे कलम मिळाले आहे. वरळीच्या बी. डी. डी. चाळींतील पहिल्या 556 कुटुंबांना ऑगस्ट 2025 मध्ये 500 चौरस फुटांच्या मालकीच्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या. त्यांचा आनंद आम्हांस समजतो. मात्र कोकणातून आज मुंबईत येणाऱ्या मुलाला बेताच्या भाड्याने खोली देणारा सरकारी मालक तिथून उठला, याची नोंद बातम्यांत नव्हती. ती एखाद्या कादंबरीकाराने घ्यावी.

तूर्त एक विनंती. आपल्या वाड्यांतल्या जुन्या भाडेपावत्यांच्या स्थळप्रती आणि भाडेवह्या कुणाकडे असतील, तर त्या रद्दीत घालण्यापूर्वी संस्थेच्या ग्रंथालयात दाखवाव्यात. त्यांत नावे, रकमा आणि थकबाकी आहे. मागच्या चौकाचा दुसरा लेखी पुरावा आपल्यापाशी क्वचितच असेल.