औट्रम आणि भिल्ल : एका चरित्रकथेची तपासणी

कन्नडहून चाळीसगावकडे उतरणाऱ्या घाटास औट्रम घाट असेही म्हणतात. ज्याचे नाव या वाटेस चिकटले त्या जेम्स औट्रमचे चरित्र गोल्डस्मिडने १८८० साली दोन खंडांत प्रसिद्ध केले. त्यातील खानदेशचे प्रकरण म्हणजे वीरकथाच होय. बावीस वर्षांचा लेफ्टनंट भिल्लांत जाऊन राहतो, त्यांच्यासह वाघ मारतो आणि ते त्याचे होतात! १८२५ ते १८३४ या काळात त्याने व त्याच्या सोबत्यांनी २३५ वाघ मारल्याची नोंद आहे. शौर्य खरे, भिल्लांचा स्नेहही खोटा म्हणता येत नाही. परंतु स्नेह हे कारण होते की परिणाम, हा प्रश्न चरित्रकार विचारीत नाही.

खुद्द अधिकाऱ्यांच्या लेखनातच त्याचे उत्तर आहे. औट्रमच्या मेजवान्या आणि मनमिळाऊपणा यांना प्रारंभी नऊच जण वश झाले, असे ग्रॅहॅम सांगतो. त्यांतला एक नावाजलेला लुटारू होता. १८१८ नंतर ब्रिग्जने नाईकांना तनखे देऊ केले, डोंगरांत फौजाही पाठविल्या. तरी बंदोबस्त साधला नाही. म्हणून एल्फिन्स्टनच्या कारकीर्दीत १८२५ साली निराळी योजना झाली. औट्रमकडे पलटण आली, तर कन्नडच्या एजन्सीत ओव्हान्सने भिल्लांना जमिनी देऊन वसविण्याचे काम चालविले. माफी, पगार आणि जमीन या तीन गोष्टी मांडल्यावरच पलटण भरू लागली. येथे मोहिनीपेक्षा करार अधिक दिसतो, आणि करारास दोन पक्ष असतात. भिल्लांचा पक्ष मात्र आपल्याला अधिकाऱ्यांच्या लेखणीतूनच वाचावा लागतो.

उत्तर अमेरिकेतील सेंत-कास्तँ या फ्रेंच सरदाराशी तुलना केल्यास हा भेद स्पष्ट होतो. त्याने अबेनाकींच्या मादोकावांदो या प्रमुखाच्या मुलीशी विवाह केला आणि १६९६ साली पेमाक्विडच्या किल्ल्यावरील स्वारीत तो अबेनाकींसह होता. त्याचे नेतृत्व सोयरिकीतून आले होते. औट्रम भिल्लांत राहिला, परंतु त्यांचा आप्त झाला नाही. त्याचा अधिकार मुंबई सरकारचा होता. १८३० साली त्याने हीच पलटण डांगच्या भिल्ल राजांवर नेली, हे विसरता येत नाही.

सेंधवा घाटाची राखण करणारा खाज्या नाईक कंपनीच्याच चाकरीत होता. १८५७ साली तो उठला. ११ एप्रिल १८५८ रोजी आंबापाणी येथे त्याच्या लोकांसमोर सरकारच्या बाजूने भिल्ल पलटणीचे शिपाई उभे होते. औट्रम तर १८३५ सालीच महीकांठ्यास निघून गेला होता. पलटण राहिली होती, आणि तिचा पगारही चालू होता.